योग्यता आणि मान

मनुष्य ज्या मानास योग्य आहे तो मान त्यास मिळाला नाही, तर त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणावे काय? हा प्रश्न बहुधा कवी, मुत्सद्दी किंवा संशोधक यांच्या संबंधाने विचारला जातो. आम्ही तो एका क्रिकेटपटूच्या संबंधाने विचारणार आहो. विषय पोरांचा आहे असे समजून पान उलटू पाहणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती की, या खेळात कर्तृत्वाची रोजकीर्द आकड्यांत मांडून ठेवलेली असते. कवींच्या बाबतीत ती सोय नाही.

फैज फझल यांचा जन्म १९८५ साली नागपुरास झाला. विदर्भातर्फे ते २००३-०४ च्या हंगामात प्रथम खेळले आणि भारतीय संघाचे बोलावणे आले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. १५ जून २०१६ रोजी हरारे येथे झिंबाब्वेचा संघ १२३ धावांत बाद झाला. फझल सलामीस गेले, नाबाद ५५ धावा केल्या, आणि भारताने एकही गडी न गमावता सामना जिंकला. तो त्यांचा भारतातर्फे पहिला सामना आणि तोच अखेरचा. पुष्कळांना परीक्षेस बसून नापास व्हावे लागते; यांना उत्तीर्ण झाल्यावर पुढील वर्गाचे दारच दिसले नाही.

तथापि त्यांचे खरे काम यानंतरचे आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी खेळत होता. साठ वर्षांत करंडक एकदाही आला नव्हता. गुणी खेळाडू नागपुरास जन्मावा आणि अन्यत्र मोठा व्हावा, अशीच आमची परंपरा. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताचे नेतृत्व करणारे सी. के. नायडू याच शहरात जन्मले. पण रणजी करंडक त्यांनी जिंकून दिला तो इंदूरच्या होळकर संघास. २०१७-१८ च्या हंगामात फझल यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला कलकत्त्यास अवघ्या पाच धावांनी हरविले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला. तेही इंदुरास, होळकरांचे नाव धारण करणाऱ्या मैदानावर! त्या हंगामात कर्णधाराच्या स्वतःच्या धावा ९१२ आणि शतके पाच. पुढील वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. भारतीय संघाचे बोलावणे मात्र आले नाही.

यास अन्याय म्हणावे की नाही? आमच्या मते 'अन्याय' हा शब्द येथे उतावीळपणे वापरू नये. संघात जागा अकरा, त्यांत सलामीच्या दोन, आणि देश एवढा अफाट. पांघरूणच आखूड असेल तर कोणाचे तरी पाय उघडे पडणारच. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. पण त्यांच्या काळी डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदी यांची होती, आणि शिवलकरांना एकही कसोटी लाभली नाही. बेदींना निवडणारांनी काय पाप केले? एकास न्याय देताना दुसऱ्यास वगळावे लागते. अशा वेळी कोणी दोषी नसतानाही कोणाची तरी हानी होते. या हानीला आपल्या भाषेत 'दैव' म्हणतात, आणि बहुतेक लोक येथेच थांबतात.

किंबहुना थांबत नाहीत. येथून ते गीतेकडे वळतात. फलाची आशा न धरता कर्म करावे, अशा माणसाने मानाची अपेक्षा ठेवू नये, असे आपण मोठ्या समाधानाने सांगतो. आमचा आक्षेप आहे तो याच समाधानावर. निष्काम कर्माचा उपदेश कर्त्याने स्वतःच्या मनास करावयाचा असतो. ज्याच्या श्रमांचे फळ आपण घरी नेले त्याला तो आपण ऐकविणे म्हणजे ऋणकोने धनकोस अपरिग्रहाचे महत्त्व पटविण्यासारखे आहे. फझल यांनी फलाची आशा सोडली किंवा न सोडली, तो त्यांचा प्रश्न. आपण देणे फेडले की नाही, हा आपला. एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही.

मान हा घेणारापेक्षा देणारावर अवलंबून असतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. म्हणूनच त्यास तो सर्वोच्च श्रेय मानीत नाही. परंतु त्याच वचनाची दुसरी बाजू अशी की, मान देण्यातली चूक ही सर्वस्वी देणाराची असते. आणि येथे देणारे केवळ निवड समितीचे पाच जण नव्हेत. अमरावती मार्गावर गुदामांभोवती वाढलेल्या आमच्या वाडीत मुले रोज क्रिकेट खेळतात. त्यांच्यापुढे विदर्भाच्या कर्णधाराचे नाव काढा, पहिला प्रश्न येतो, "इंडियाकडून किती मॅच खेळला?" उत्तर 'एक' असे मिळताच चौकशी संपते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हे माप त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातातूनच घेतले आहे. रणजीच्या सामन्यांना प्रेक्षागृहे बहुधा रिकामी असतात. प्रांताचा खेळ म्हणजे वरच्या मजल्याचा जिना, अशी आपली समजूत झालेली आहे, आणि जिन्यात कोणी वस्ती करीत नाही.

वास्तविक ते घरच आहे. ज्या संघात एकतीस कसोट्या खेळून आलेले, चाळिशीच्या उंबरठ्यावरचे वसीम जाफर आहेत आणि त्यांच्याच शेजारी विशीबाविशीतली मुलेही आहेत, तो संघ एकजीव करणे. नव्या चेंडूचा मारा प्रथम स्वतः अंगावर घेऊन मागून येणारांची वाट सुकर करणे. आणि हे सर्व दर हंगामी, दूरचित्रवाणीचे लक्ष फारसे नसताना करणे — या कर्माचे मोल ठरविण्यास हरारेच्या त्या एका दिवसाची साक्ष कशाला हवी? हा सामना त्यांच्या वाट्यास आला नसता तरी आमच्या मूल्यमापनात एका आण्याचाही फरक पडला नसता. फेब्रुवारी २०१९ मध्ये विदर्भाने इराणी करंडकही राखला, तेव्हा पुलवामा येथील हल्ल्यास दोनच दिवस झाले होते. बक्षिसाची रक्कम हुतात्म्यांच्या कुटुंबांस देण्याचे फझल यांनी जाहीर केले. कर्णधाराच्या या निर्णयाची नोंद धावफलकात होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रथम श्रेणीत नऊ हजारांहून अधिक धावा करून, ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, केरळवर पहिल्या डावातील आघाडी मिळवून विदर्भाने जामठ्यास तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या वेळचे कर्णधार अक्षय वाडकर. इंदूरच्या अंतिम सामन्यात फझल यांच्या हाताखाली १३३ धावा करणारा यष्टिरक्षक तो हाच.