कामापुरता पहारा

पुणे

चि. सौ. छकुलीस,

दिवस गेल्यापासून जो तो काहीतरी बजावतो, त्यातलं खरं किती धरायचं, असं तू फोनवर विचारलंस. प्लास्टिक, डासांचा धूर, मासे, एक ना दोन. जन्मभर जीवरसायन शिकवलेल्या मामाला असा प्रश्न विचारल्यावर पत्र येणारच. स्वयंपाकघरातलं काय बदलायचं ते शेवटी लिहितो. पण आधी कारण कळलं, तर उद्या नवं काही कानावर आलं की तुझं तुलाच ठरवता येईल.

तुम्ही राहता त्या कोलकात्यातल्या फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून, आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट. ज्या गावानं 1742 साली मराठ्यांच्या धास्तीनं खंदक खणला, तिथे हे घडावं याची मला भारी गंमत वाटते. ते असो. त्या गेटवरचा पहारेकरी डोळ्यांपुढे आण. रोज येणाजाणाऱ्यांतून आपला कोण नि परका कोण, एवढंच त्याला ओळखायचं असतं. त्यासाठी छातीवरचा एक बिल्ला पाहिला तरी भागतं. मग तो बाकीचं कशाला तपासेल?

आपल्या पेशींतल्या हार्मोनच्या काही रिसेप्टरांचं नेमकं हेच झालं. ही प्रथिनं. प्रत्येकात एक पोकळी, तिच्यात हार्मोन बसलं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि जनुकं चालू-बंद होतात. अमेरिकेतल्या जो थॉर्नटन यांच्या गटानं आजच्या प्राण्यांचे रिसेप्टर ताडून त्यांच्या पूर्वजाची रचना गणितानं काढली आणि ते प्रथिन प्रयोगशाळेत पुन्हा बनवलं. 2003 साली त्यांनी दाखवलं, की स्टेरॉइड हार्मोनांच्या रिसेप्टरांचा तो मूळ पुरुष इस्ट्रोजेनला प्रतिसाद देत होता. त्याच्या प्रती निघाल्या, थोड्याशा बदलांनी एक कॉर्टिसोलकडे वळली, एक टेस्टोस्टेरॉनकडे. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर मात्र जुन्या वळणाचाच राहिला. शरीरातल्या स्टेरॉइडांत इस्ट्रोजेनचं पहिलं कडं तेवढं बेन्झिनसारखं, त्यावर एक हायड्रॉक्सिल. तेवढी खूण ओळखली की काम झालं. बाकीची पोकळी ऐसपैस राहिली, इस्ट्रॅडिओलच्या जवळजवळ दुप्पट आकारमानाची. उत्क्रांतीनं त्या काळी आसपास असलेल्या रेणूंपुरतीच पारख घडवली. कारखान्यातले रेणू तेव्हा नव्हतेच.

बिसफेनॉल-ए नावाच्या रसायनाला असं कडं दोन्ही टोकांना आहे. ते इस्ट्रोजेनसारखं वागतं हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी 1936 सालीच नोंदवलं होतं. पुढे त्याच रेणूपासून पॉलिकार्बोनेटचं कडक, पारदर्शक प्लास्टिक निघालं आणि त्याच्या बाटल्या घरोघर गेल्या! डॉड्स यांच्याच गटानं 1938 मध्ये डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल बनवलं. त्याची रचना स्टेरॉइडसारखी नाही, तरी पोकळीत चपखल बसतं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते गर्भारणींना दिलं गेलं. त्यानं गर्भपात टळत नाही, हे 1953 साली चाचणीत दिसूनही देणं चालूच राहिलं. 1971 मध्ये त्या आयांच्या तरुण मुलींत योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग सापडला, तेव्हा कुठे ते थांबलं. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. गर्भात अवयव घडत असताना चुकीचा निरोप पोहोचला तर परिणाम वीस वर्षांनीही दिसू शकतो, एवढंच लक्षात ठेव.

आपल्याकडचं उदाहरण गोव्याचं. जहाजाच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिनचा रंग लावत. तुमच्या जवळ खिदिरपूरला गोदी आहे, तेव्हा जहाजांचं तुला नवल नाही. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये क्रोनिया कोंकणेन्सिस या समुद्री गोगलगायीच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटल्याची नोंद केली. कारण नंतर कळलं. हे रसायन आरएक्सआर या रिसेप्टरला धरतं, आणि तो जेलीफिशपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत आहे. त्याच्या नेहमीच्या सोबत्याशी, म्हणजे अ-जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या आम्लाशी, या रेणूचं काहीच साम्य नाही. पोकळीचा थोडासाच भाग तो व्यापतो, पण त्यातलं कथिल तिथल्या गंधकाला घट्ट धरून बसतं. म्हणजे दिसण्यात साम्य नाही म्हणून धोका नाही, हा हिशेबही चालत नाही. त्या रंगावरचा जागतिक करार 2008 च्या सप्टेंबरात लागू झाला.

आता तुझं. बिसफेनॉल-ए इस्ट्रॅडिओलपेक्षा हजारो पटींनी दुबळं आहे, म्हणून एखाद्या दिवशी प्लास्टिकच्या डब्यातलं खाल्लंस तर जीव टांगणीला लावू नकोस. किती मात्रा चालते यावर जाणत्यांतच वाद आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 साली रोजची मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली, ते जर्मनीच्या तज्ज्ञांना पटलं नाही. वाद मिटेपर्यंत जे फुकटात टळतं ते टाळावं. कढत आमटी, चहा, भात प्लास्टिकमध्ये घालू नकोस, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको. आईनं दिलेले स्टीलचे डबे कशाला आहेत? 'बीपीए-फ्री' या चिठ्ठीवर भाळू नकोस, अनेकदा त्याचाच भाऊबंद बिसफेनॉल-एस आत असतो. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी दुकानाची गुळगुळीत पावती धरू नकोस.

डासांच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये डासांतून मलेरिया पसरण्याची साखळी तुमच्याच कोलकात्यात, पक्ष्यांवर पुरी केली. गर्भारपणात मलेरिया आणि डेंग्यू हे रसायनांच्या शंकेपेक्षा कितीतरी मोठे शत्रू. धूर मारतील तेव्हा घरात थांब, खिडक्या लावून घे, रात्री मच्छरदाणी चुकवू नकोस. मासेही खा, बंगालात राहून ते सोडणं म्हणजे करंटेपणा.

आणि एक. शेजारणीनं कितीही आग्रह केला तरी 'बाळासाठी चांगली' म्हणून कुठलीही गोळी, चूर्ण किंवा काढा लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नकोस. जावईबापूंनाही हे वाचायला दे.

तुझा,
मामा