आसुडाचे सोंग

दुसऱ्याच्या दुःखाचे सोंग घेणे ही कला म्हणावी की अपराध, हा प्रश्न नाट्याइतकाच जुना आहे. एरवी तो कोणास फारसा सुचत नाही. परंतु सोंगाच्या हाती आसूड आला की त्यास बगल देता येत नाही. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली पाडव्याची स्वागतयात्रा आता गावोगावी निघते. अशा मिरवणुकांतून आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून पोतराजाचे सोंग मोठ्या हौसेने आणले जाते. त्या हौसेविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

पोतराज हा मरीआईचा उपासक, बहुधा मातंग समाजातला. उघडे अंग, कमरेस रंगीबेरंगी खणांचा घागरा, वाढविलेले केस, सोबत डोक्यावर देव्हारा घेतलेली स्त्री. लोक त्यास कडकलक्ष्मीवाला म्हणतात. भिवंडीच्या कामतघरात, वऱ्हाळादेवीच्या तलावाभोवतीच्या वस्तीत, यंत्रमागांचा खडखडाट भेदून जाणारा त्याच्या आसुडाचा कडाका आम्ही ऐकला आहे. दारे उघडतात, मुले धावतात आणि एखादे नाणे पडते. आता विचार करावा. त्याच्या अंगावर खरेच वळ उठले, तर नाणे टाकून आपण त्या वेदनेचे गिऱ्हाईक झालो. वळ उठले नाहीत, तर त्यास ढोंगी म्हणावयास आपण मोकळे! दोहोंपैकी काहीही घडो, दोष पाहणाऱ्याकडेच येतो. कारण खऱ्या वेदनेची मागणी त्याची आहे.

वस्तुतः आसूड वाजण्यास अंगाची गरजच नाही. मुठीपासून निघालेला झोत निमुळत्या टोकाकडे धावताना दोर हलका होत जातो आणि वेग वाढत जातो. चांगल्या चाबकाचे टोक अखेरीस ध्वनीहून, म्हणजे सेकंदास सुमारे ३४० मीटरहून, अधिक वेगाने जाते. कडाका होतो तो हवेतच. परंतु तेच टोक कातडी फाडू शकते, डोळा फोडू शकते. म्हणून सोंग घेणाऱ्याने काही बंधने पाळलीच पाहिजेत. चोहोंकडे आसुडाच्या लांबीच्या दुपटीहून अधिक जागा मोकळी असावी. गर्दीत तो उचलूच नये. डोळ्यांस संरक्षण असावे. फटका सोबत्याच्या पाठीवर न मारता बाजूस, हवेत मारावा आणि वेदना सोबत्याने अभिनयाने दाखवावी. मुलांच्या हाती तर मऊ सुती दोरच द्यावा. हात आवरण्याची ही विद्या मारण्याच्या विद्येहून कठीण आहे, आणि तिच्यात नीतीचा अंश आहे.

मग हवेत मारलेला फटका खोटा, म्हणून सोंगही खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. जर्मनीतील ओबरआमरगाऊ गावी १६३४ पासून ख्रिस्ताच्या यातनांचे नाट्य होत आले आहे; तेथे नटाची पाठ फाटली की नाही हे कोणी विचारीत नाही, कारण पाहणारा आठवण करावयास आलेला असतो. आपल्याकडील आसुडासही आठवणी आहेत. इंग्रजी अमलात १८६४ च्या कायद्याने फटके ही न्यायालयीन शिक्षा झाली. ती स्वतंत्र भारताने १९५५ साली रद्द केली. बैलाच्या पाठीवर पडणारे हेच साधन जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या नावात घेतले आणि अन्याय करणाऱ्यांवर उगारले. हा इतिहास सांगणाऱ्या सोंगास आमची ना नाही.

ना आहे ती विसराळू सोंगास. मिरवणूक संपली की हौशी पोतराज रंग पुसतो, घागरा उतरवितो आणि घरी जाऊन जेवतो. खऱ्या पोतराजाच्या घरी मात्र नवसाने देवीस वाहिलेल्या मुलाचे केस जन्मभर वाढत राहत. ते कापून शाळेची वाट धरण्यासाठी कित्येकांना आपल्याच माणसांशी भांडावे लागले. ज्यांनी तो आसूड खाली ठेवण्यात आयुष्य वेचले, त्यांच्यादेखत आपण तो शोभेसाठी उचलतो, तेव्हा निदान त्यांची कथा पाहणाऱ्यांस सांगितली पाहिजे. फटका हवेत मारावा, हे शरीराच्या सुरक्षिततेस पुरेसे आहे. पण तो पूर्वी कोणाच्या पाठीवर पडत होता हे सांगितल्यावाचून सोंग निर्दोष होत नाही.