‘ना हे, ना ते’: चतुष्कोटीतला नकार

इंग्रजी व्याकरणातली ‘आयदर–ऑर’ ही जोडी दोहोंतला एक पर्याय निवडायला लावते, तर ‘नायदर–नॉर’ दोन्ही पर्याय एकदम नाकारते. मराठीत ‘एक तर... नाही तर’ आणि ‘ना... ना’ तेच काम करतात. चहाही नको, कॉफीही नको म्हटले तरी ताक उरते. पेच पडतो तो ‘आहे’ आणि ‘नाही’ हेच दोन पर्याय असतात तेव्हा. दोन्ही नाकारल्यावर शिल्लक काय राहते?

प्राचीन भारतीय वादात विधानाच्या चार कोटी मानत: आहे; नाही; आहेही आणि नाहीही; आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. हीच चतुष्कोटी. मज्झिमनिकायातल्या अग्गिवच्छगोत्त सुत्तात वच्छगोत्त हा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, मुक्त झालेला भिक्षू पुढे कुठे जन्मतो? ‘जन्मतो’ हे लागू पडत नाही, असे बुद्ध सांगतो. मग जन्मत नाही? तेही लागू पडत नाही. उरलेल्या दोन्ही कोटींची तीच गत होते. वच्छगोत्त गोंधळतो, तेव्हा बुद्ध विझलेल्या आगीचा दाखला देतो: इंधन संपून विझलेली आग कोणत्या दिशेला गेली? पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? आग कुठेतरी जाते हे प्रश्नानेच गृहीत धरलेले असते. म्हणूनच ‘ना–ना’ ही चौथी कोटीसुद्धा बुद्ध स्वीकारत नाही, आणि हा बारकावा बऱ्याचदा नजरेतून सुटतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने या रीतीला धार लावली. 27 प्रकरणांच्या ‘मूलमध्यमककारिके’त तो आरंभीच कार्यकारणाच्या चारही वाटा बंद करतो: वस्तू स्वतःपासून उपजत नाही, दुसऱ्यापासून नाही, दोहोंपासून नाही आणि कारणाविनाही नाही.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. ‘नाही’ नाकारणे म्हणजे ‘आहे’ मान्य करणेच. मग चौथी कोटी तिसरीहून वेगळी कशी? माध्यमिकांचे, म्हणजे नागार्जुनाच्या परंपरेतल्या विचारवंतांचे, उत्तर नकाराच्या दोन प्रकारांवर उभे आहे. ‘घोडा पांढरा नाही’ म्हटले की त्याचा रंग दुसरा असणार हे आपोआप आले, हा पर्युदास. प्रसज्य-प्रतिषेध मात्र नुसता नाकारतो, त्या जागी काही ठेवत नाही. वंध्यापुत्र गोरा नाही आणि काळाही नाही, कारण रंग असायला मुलगाच नाही. नागार्जुनाच्या लेखी वस्तूंचा स्वयंसिद्ध ‘स्वभाव’ हा असाच वंध्यापुत्र आहे.

स्वतःचा पक्ष न मांडता फक्त खंडन करणाऱ्या वादाला न्यायदर्शन वितंडा म्हणते, आणि माध्यमिकांवर तो ठपका आलाच. ‘विग्रहव्यावर्तनी’त नागार्जुन आपल्याला प्रतिज्ञाच नाही, म्हणून दोषही नाही, असे उत्तर देतो. ही पळवाट वाटण्याजोगी आहे खरी. पण हा नियम तो स्वतःच्या सिद्धान्तालाही लावतो. स्वभावाच्या अभावाला, म्हणजे शून्यतेलाच, मत म्हणून कवटाळणाऱ्यांना त्याने कारिकेच्या तेराव्या प्रकरणात असाध्य ठरवले आहे.