नळी आणि नक्कल

ऑर्गनमधील अगदी खालचा खर्ज, सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा, हवा असेल तर ३२ फूट लांबीची नळी लागते. एवढी जागा आणि एवढा पैसा सर्वच प्रार्थनामंदिरांपाशी कोठून असणार? म्हणून कित्येक ठिकाणी वरचे स्वर खऱ्या नळ्यांचे व खर्ज तेवढा विजेचा, अशी जोड देतात.

ही फसवणूक म्हणावी काय? १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये हॅमंडचे विद्युद्वाद्य व नळ्यांचा ऑर्गन ओळखण्याची परीक्षा झाली. ऐकणारे बऱ्याच वेळा चुकले. तरीही अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हॅमंडच्या जाहिरातींतील काही दावे बंद करावयास लावलेच. आम्हांस ते योग्य वाटते. आम्ही कारकून, ‘खरी नक्कल’ हा शिक्का रोजचाच. नक्कल असण्यात दोष नाही, शिक्का चुकविण्यात आहे.

पण येथे एक गंमत आहे. हवा तापली की नळ्यांचा स्वर चढतो, विजेचा जागचा हलत नाही. म्हणून विजेच्या स्वरालाच नळ्यांबरोबर चढवावे लागते. नकलेने अस्सलाची चंचलताही उचलावयाची! वर्गणीदारांना हे सारे सांगितलेच पाहिजे. परंतु शोकप्रसंगी डोळे मिटून बसलेल्या माणसाला, तो खर्ज अंगातून जात असता, सांगावे काय? येथे आमची लेखणी अडते.