उभ्या शिळांची वहिवाट

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा तेलंगणात शिरते त्या सरहद्दीनजीक, नारायणपेट जिल्ह्यातील मुडुमलच्या शिवारात, १० ते १४ फूट उंचीच्या सुमारे ८० शिळा उभ्या आहेत. त्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे संशोधक मानतात, आणि तेथील एका दगडावर कोरलेल्या खळग्यांत त्यांना सप्तर्षींची आकृती ओळखू आली आहे. ज्यांनी त्या उभारल्या त्यांचे देव आणि मंत्र कालौघात लोपले; तरीही ग्रामस्थ या शिळांना तिम्मप्पा म्हणतात, आणि त्यांतील एकीला यल्लम्मा मानून पूजतात, तीच यल्लम्मा, जिच्या दर्शनाला महाराष्ट्रातून माणसे सौंदत्तीच्या डोंगराकडे लोटतात.

मूळची श्रद्धा नष्ट झाल्यावर शिळेचे पावित्र्य उरते काय? यल्लम्मा हा मागाहून केलेला आरोप आहे, असे काटेकोर अभ्यासक म्हणेल. मला ते पटत नाही. पावित्र्य हा पाषाणाचा गुणधर्म नव्हे, की उभारणाऱ्याने एकदाच लिहून ठेवलेली सनदही नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणूस त्या शिळेपुढे थबकतो, नांगर तिला वळसा घालून नेतो, या आचरणातच ते वसते.

इंग्लंडातील एव्हबरी येथे हे आचरण खंडित झाले, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत लोकांनी तेथल्या प्राचीन, प्रचंड उभ्या शिळा आगीत तापवून, वर थंड पाणी ओतून फोडल्या व त्यांच्या दगडांनी घरे बांधली. पुढे जॉन लबकने तेथील जमीन विकत घेतली, १८८२ साली त्याच्याच प्रयत्नाने प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला; १९३० नंतरच्या दशकात अलेक्झांडर कीलरने पुरलेल्या शिळा उकरून उभ्या केल्या, आणि जेथे शिळाच उरल्या नव्हत्या तेथे काँक्रीटचे खुंट रोवले. त्या माणसांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु खुंटाला कोणी नमस्कार करीत नाही.

२०२५ साली मुडुमल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले. आता मोजणी होईल, कुंपण येईल, आणि ते यावेच; मात्र सरकारदप्तरी मालकीइतकीच पूजेची वहिवाटही नोंदली जावी. हळदकुंकवाची मुभा असावी, मंडप बांधण्याची नसावी. कारण तेथील शिळांच्या रांगा सूर्याच्या उदयास्तांशी जुळतात असे संशोधक सांगतात, आणि छपराखाली तो संबंध तुटेल.