चौथा ढीग

पितृपंधरवडा लागला की नाशिकच्या गोदाघाटावर धुण्याला जागा मिळत नाही. गोधड्या, सतरंज्या, चादरी, पडदे. घट बसण्याआधी घरातलं एकूण एक कापड पाण्यातून निघालं पाहिजे, हा इथला जुना शिरस्ता. आता घरोघरी मशीन आलं, पण भिजलेली गोधडी मशीनला झेपत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी गंगेवर जावंच लागतं. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. कापडं उरकली की पाळी येते माळ्याची, आणि खरी भांडणं तिथेच होतात.

भांडी बाजाराच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात त्या रविवारी हेच चाललं होतं. सूनबाई पदर खोचून उभी होती. ओसरीवर तिने खडूने तीन चौकोन आखले होते : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. टाकायचं ते सकाळच्या घंटागाडीत, द्यायचं ते बोहारणीला नाहीतर भंगारवाल्याला, आणि ठेवायचं ते घासूनपुसून पुन्हा वर. नियम सोपा होता. अडचण होती ती माईंची.

माईंच्या लेखी टाकण्याजोगं जगात काही नव्हतंच. बरणी फुटून उरलेलं झाकण, दांडी मोडलेली छत्री, रॉकेलच्या स्टोव्हची पिन, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा : "राहू दे गं, लागतं कधीतरी." सूनबाई एखादी वस्तू टाकायच्या चौकोनात ठेवायची, आणि माई पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून ती पायानेच ठेवायच्या चौकोनात सरकवायच्या. नातवंडांना या खेळात मजा येत होती. मुलगा माळ्यावर होता, म्हणून सुरक्षित होता.

दुपारी त्याने पार कोपऱ्यातून एक भलंमोठं घंगाळ ओढून खाली दिलं. पितळी असावं, पण काळंठिक्कर पडलेलं.

"हे मोडीत घातलं तर नव्या पडद्यांचे पैसे निघतील," तो वरून म्हणाला.

भंगारवाला दारातच होता. त्याने काटा काढला. पण पितळ मोडीत घालायचं झालं तरी घासल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा माईंचा नेम. नात चिंच आणि मीठ घेऊन बसली. थोडं घासल्यावर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसायला लागली. भांड्यावर नाव घालून घेण्याची आपल्याकडची रीत जुनी. लग्नकार्यात सगळ्या आळीची भांडी एकत्र व्हायची, आणि कार्य उरकल्यावर नाव बघूनच ज्याची त्याला जायची. नातीने बोटाने अक्षरं लावली आणि मान वर केली.

"आजी, हे नाव आपलं नाहीये."

माईंना एकदम आठवलं. 2016 चा ऑगस्ट, तारीख 2. गंगेला मोठा पूर आला होता. पूर किती, हे नाशिकात आकड्यांनी सांगत नाहीत. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला, एवढं विचारलं की कळतं. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला. पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं, आणि उताराकडची माणसं हाताला लागेल ते घेऊन वर आली. गल्लीच्या टोकाच्या काकूंचा सगळा संसार तेव्हा माईंच्या माजघरात येऊन पडला होता. पाणी ओसरल्यावर तो पोत्यांत भरून परत गेला. माळ्यावर चढवलेलं घंगाळ तेवढं राहिलं. काकूंच्या घराच्या भिंती ओल धरून बसल्या, आणि दिवाळीच्या आत ते लोक सिडकोत राहायला गेले. त्यांनी मागितलं नाही, यांनी कळवलं नाही.

"इतक्या वर्षांत मागितलं नाही, म्हणजे त्यांना नकोच असणार," मुलगा म्हणाला.

"नको असेल तर तसं त्या सांगतील," माई म्हणाल्या. "आपण कोण ठरवणारे?"

भंगारवाल्याने काटा खाली ठेवला. माईंनी नातवंडांना जवळ बसवलं. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून का वाटतात, ठाऊक आहे का, असं विचारून त्यांनी गोष्ट सुरू केली. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. गुरूने चौदा विद्यांची दक्षिणा चौदा कोटी मोहरा मागितली. कौत्स गेला रघुराजाकडे. रघू म्हणजे आपल्या पंचवटीतल्या रामाचा पणजोबा. राजाने नुकतंच सगळं धन यज्ञात दान करून टाकलेलं, हाती मातीची भांडी उरलेली. तरी याचक विन्मुख जायला नको म्हणून तो कुबेरावर चालून जायला निघाला, आणि कुबेराने रातोरात आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या. उरल्या त्या राजा म्हणे तुझ्या, कौत्स म्हणे माझ्या नव्हेत. दोघंही हात लावेनात, तेव्हा त्या लोकांनी लुटल्या.

"म्हणजे दसऱ्याचं सोनं काय," माई म्हणाल्या, "तर जे आपलं नाही ते ठेवून घ्यायला दोन माणसांनी नकार दिला, त्याची आठवण. आणि आपण मात्र दुसऱ्याचं घंगाळ माळ्यावर ठेवून खाली बसून पानं वाटायची?"

नातीने खडू उचलला आणि ओसरीवर चौथा चौकोन आखला. त्यावर लिहिलं : दुसऱ्याचं.

मग काय निघालं नाही! मुलाने कॉलेजात असताना सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं पुस्तक निघालं. वाचनालय 1840 सालचं, तिथे पिढ्यांच्या पिढ्या पुस्तकं नेतात आणि परत आणतात. याने मात्र नेलं ते नेलंच. शेजारणीचा डबा निघाला, नणंदेची इस्त्री निघाली, कोपऱ्यावरच्या वायरमनचा पान्हा निघाला. सकाळपासून सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या सूनबाईच्या कपाटातून येवल्याची पैठणी निघाली. एका मैत्रिणीकडून एका लग्नापुरती मागून आणलेली. ते लग्न होऊन त्या जोडप्याचा मुलगा आता शाळेत जात होता.

पहिल्या तीन ढिगांवरून घरात दिवसभर वाद झाले होते, कारण तिथे प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, मला हे हवं की नको. चौथ्या ढिगात ते विचारायची सोयच नव्हती. वस्तू चांगली असो की मोडकी, तिचा मालक ठरलेला होता. त्यामुळे तो ढीग चढत गेला तरी कुणी वाद घातला नाही. उलट संध्याकाळपर्यंत माळा निम्मा रिकामा झाला, आणि माईंनी आपण होऊन फुटक्या बरणीचं झाकण टाकायच्या चौकोनात टाकलं.

भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. सूनबाईने डब्यात चिवडा भरला, घंगाळात ओंजळभर तांदूळ आणि नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि माई रिक्षाने सिडकोत गेले.

काकूंनी घंगाळ ओळखलं. नावावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माई, आमच्याकडेही पुराचं एक पोतं तसंच आहे हो. चिखलाचा वास येतो म्हणून कधी उघडलंच नाही. आज तुमच्या निमित्ताने उघडते."

पोत्यातून चिखलाने माखलेल्या पातेल्या निघाल्या, सांडशी निघाली, आणि तळाशी एक काळं पडलेलं तामण. काकूंनी ते धुऊन आणलं. चांदीचं होतं. मागे माईंच्या सासऱ्यांचं नाव होतं. पोती भरण्याच्या घाईत देवघरातलं तामण काकूंच्या भांड्यांत गेलं होतं.

मुलगा हसला. "बघ माई, आपण त्यांचं दिलं, देवाने आपलं दिलं!"

माई हसल्या नाहीत. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तामण देवघरात न ठेवता त्यांनी ओसरीवर नेलं आणि चौथ्या चौकोनात ठेवलं.

"आजी, हे तर आपलंच आहे," नात म्हणाली.

"तामण आपलं आहे," माई म्हणाल्या. "त्याच्यापायी मी जे घेतलं, ते दुसऱ्याचं आहे."

पुराच्या त्या वर्षी घट बसवायच्या वेळी तामण सापडलं नव्हतं. घरात बाहेरचं माणूस एकच आलं होतं, धुणंभांडी करणाऱ्या मावशी. त्यांनी आठवडाभर ओणवं होऊन वाड्याच्या चौकातला चिखल खरवडून काढला होता. माईंनी त्यांना तोंडावर काही विचारलं नाही. फक्त, "उद्यापासून येऊ नका," एवढंच सांगितलं. आणि त्या नवरात्रात जिथे जिथे हळदीकुंकवाला गेल्या, तिथे तिथे आवाज खाली आणून म्हणाल्या, "माणसं ओळखता येत नाहीत हो हल्ली."

संध्याकाळी माई गंगेपलीकडे पंचवटीत गेल्या. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. मावशी दारात भाजी निवडत होत्या. माईंनी तामण पुढे धरलं आणि झालं ते सगळं सांगितलं. मग हात जोडले.

मावशींनी तामण हातात घेतलं नाही. "सापडलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण माई, तुमच्या घरचं काम गेलं त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. त्याच महिन्यात आळीतल्या आणखी तीन घरांनी मला नको सांगितलं. कुणीच कारण बोललं नाही. तुम्ही आज माझ्या दारात येऊन खरं बोललात. त्या दारांचं काय?"

माईंकडे उत्तर नव्हतं. उत्तर घरी नातीने दिलं, तेही नकळत. "आजी, कौत्साने गुरूला चौदा कोटीच दिले ना? एकही कमी नाही?"

"एकही कमी नाही," माई म्हणाल्या, आणि काय करायचं ते त्यांना कळलं.

घट बसले. दरवर्षीप्रमाणे हळदीकुंकवाची बोलावणी आली. गुडघे दुखतात म्हणून माई अलीकडे कुठे जात नसत, या नवरात्रात मात्र त्या प्रत्येक घरी गेल्या. पिशवीत तामण घेऊन गेल्या. बायका जमल्या की ते मधोमध ठेवत आणि आवाज न उतरवता सांगत, "हे चोरीला गेलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते चोरीला गेलंच नव्हतं. त्या बाईवर मी खोटा आळ घेतला. ज्यांनी माझं ऐकून तिला काढलं, त्यांनी तो माझा दोष समजावा, तिचा नव्हे." काही बायकांना अवघडल्यासारखं झालं. एकीने विषय बदलला. एक म्हणाली, "जाऊ द्या हो माई, जुनी गोष्ट." माई म्हणाल्या, "तिच्यासाठी जुनी नाही."

दसऱ्याला माई आपट्याची पानं घेऊन पुन्हा पंचवटीत गेल्या. त्या तीन घरांपैकी दोन घरच्या बायका आधीच येऊन गेल्याचं मावशींनी सांगितलं. एकीने कामावर परत बोलावलं होतं. मावशींनी नाही म्हटलं, आता त्यांचा भाजीचा हातगाडा होता. माईंनी दिलेलं पान मात्र त्यांनी घेतलं, आपल्याकडचं एक त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सोन्यासारखं राहा."

त्या रात्री तामण देवघरात गेलं आणि ओसरीवरचा चौथा चौकोन पुसला गेला. बाकीचे तीन सूनबाईने दिवाळीसाठी राखून ठेवले, कारण माळ्याचा अर्धा भाग अजून व्हायचा होता.

तात्पर्य : नको ते टाकलं की घर मोकळं होतं, पण स्वच्छ होतं ते दुसऱ्याचं परत केल्यावर. वस्तू परत करणं त्यातलं सोपं काम. कुणाचं नाव आपल्या तोंडून मळलं असेल, तर ते ज्या ज्या घरी मळलं, त्या त्या घरी जाऊन धुऊन द्यावं लागतं, आणि त्यात सूट मागायची नसते. तेव्हा यंदा माळा काढाल, तेव्हा पहिला ढीग चौथा करा.