पाहुण्याचा धर्म

मे महिन्याच्या सुट्टीत एकाच गावी न राहता तीन-चार गावांतल्या नातलगांकडे थोडे थोडे दिवस काढून येण्याची पद्धत सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत जुनी आहे. तिचे मूळ इथल्या पोटापाण्याच्या वाटांत सापडते. पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव या भागांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, गोदीत गेली, माथाडी म्हणून बाजारपेठांत ओझी वाहू लागली. 1969 च्या माथाडी कायद्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. सांगलीकडच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि त्यांना लागून असलेल्या माण-खटावमधल्या कुटुंबांनी दुष्काळाला कंटाळून सोने-चांदी गाळण्याचा धंदा धरला. हे गलाईवाले आज तमिळनाडू-केरळपासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत सराफ बाजारांच्या आसपास राहतात, आणि त्यांची मुले घराबाहेर भलत्याच भाषेत भांडतात. एक भाऊ गावी, एक मुंबईत, एक परमुलखात, बहिणी दिल्या घरी. अशा घराची सुट्टी एका गावात मावणे शक्यच नसते.

ही फेरी साधारण कृष्णेच्या काठाने होते. पुण्याहून खंबाटकी ओलांडली की वाईला कुणीतरी असते, साताऱ्यात काका, कऱ्हाडला आत्या. पुढे पेठ नाक्यावरून डावीकडे वळले की सांगलीत मामा, आणि मिरजेत आईची चुलतबहीण. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी माहुलीला वेण्णेशी, कऱ्हाडला कोयनेशी आणि हरिपूरला वारणेशी मिळते, त्याच क्रमाने मुक्काम पडतात. सोबत पेढे आणि भडंग यांचीही ये-जा चालते. साताऱ्याचे कंदी पेढे सांगलीला जातात, सांगलीचे भडंग साताऱ्याला येते, आणि एखादा पुडा न फुटताच तिसऱ्या घरी पोहोचतो. निघताना मुलांच्या हातावर ठेवल्या जाणाऱ्या नोटांचेही तसेच. इकडून दिलेले तिकडून येते, दोन्ही घरांचा हिशेब बहुधा बरोबरीत सुटतो, आणि मुले तेवढी फायद्यात राहतात.

पाहुणचारावर आपल्या परंपरेने भरपूर लिहिले आहे, पण ते जवळजवळ सगळे यजमानाला उद्देशून. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, त्याच्या आधी जेवू नये, त्याला उत्तम ते वाढावे. पाहुण्याने कसे वागावे, यावर त्या मानाने फार थोडे सापडते. मनुस्मृती अतिथी म्हणून एकच रात्र राहणारा माणूस धरते. इस्लामी परंपरेत पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. त्यापुढचे यजमानाने केले तर ते दान. दोन्हीकडे मर्यादा घातलेली दिसते ती परक्या वाटसरूसाठी. नातलगाला मर्यादाच नाही, कारण तो पाहुणा नसून घरचा, अशी समजूत. ही समजूत प्रेमाची आहे यात शंका नाही. पण तिच्या आडोशाने पाहुण्याचा धर्म विचारायचाच राहून जातो, आणि मेमधल्या फेरीत तो विचारण्याची वेळ रोज येते.

मे हा यजमान घराच्या कामाचा सगळ्यात जड महिना असतो. वर्षाची चटणी याच सुमारास होते. मिरच्या आणून, देठ खुडून, उन्हात खडखडीत वाळवायच्या, कांदा-खोबरे-लसूण तयार करायचा, कांडपाच्या ठिकाणी रांग धरायची. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजलेला असतो, त्याचे पाणी रोज बदलावे लागते. चौथ्या दिवशी पहाटे अंधारात चीक शिजायला ठेवतात. तो बुडाला लागू नये म्हणून हाताला रग लागेपर्यंत घोटायचा, आणि ऊन तापण्याआधी गच्चीवर साडी अंथरून सोऱ्याने घालून मोकळे व्हायचे. अशा दिवशी सातची गाडी गाठून सहा माणसे येतात. ‘काही करू नका, साधा वरण-भात टाका,’ असे फोनवर सांगितलेले असते. हे वाक्य सांगणारा आणि ऐकणारी दोघेही ते खरे मानत नाहीत. आंबे पिकत घातलेले असतात, रस निघतो, पुऱ्या लाटल्या जातात, आणि आलेल्यांपैकी पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली ऊस, दर आणि राजकारण यांवर बोलत बसतात.

इथे पाहुणेपणाची एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे पाहुणा फक्त पुरुषच असतो. त्याच्यासोबत आलेली बायको पहिला चहा झाला की पदर खोचून स्वयंपाकघरात जाते, आणि गेली नाही तर तिच्याबद्दल नंतर बोलले जाते. तो मात्र ताटावरून उठतो, हात धुतो आणि आडवा होतो. त्याने गच्चीवर जाऊन कुरडयांवर नजर ठेवली किंवा बाजारातून भाजी आणली, तरी घरात कौतुकाचा विषय होतो. घरचा म्हणवून घ्यायचे असेल तर घरच्यासारखे काम पडेल, एवढे साधे गणित आहे. ते अर्ध्या पाहुण्यांनाच लागू असेल, तर बाकीचे अर्धे घरचे नसून नुसते फुकट राहणारे ठरतात.

माहेरपणाची गोष्ट याहून अवघड आहे. वर्षभर सासरी राबलेली लेक चार दिवस आईकडे येते, उशिरा उठते, आयते जेवते, डोक्याला तेल लावून घेते. याहून न्याय्य सुट्टी शोधून सापडणार नाही. पण आईचे वय झालेले असते. उशिरा उठणाऱ्या लेकीचा चहा ठेवते ती वहिनी. लेकीचे माहेरपण वहिनीच्या पाठीवर उभे असते, आणि वहिनीचे स्वतःचे माहेर नणंद परत गेल्याशिवाय सुरू होत नाही. नणंदेच्या मुलांची शाळा उघडते तेव्हाच वहिनीच्या मुलांचीही उघडते. त्यामुळे नणंदेचा मुक्काम आठवडाभराने लांबला, तर तो आठवडा नेमका वहिनीच्या वाट्यातून जातो. यात कुणी वाईट नसते. नणंदेलाही तिच्या सासरी हेच भोगावे लागलेले असते, आणि कदाचित म्हणूनच तिला इथे ते दिसत नाही. येण्याआधीच जायची तारीख सांगून टाकणे आणि ती पाळणे, हे या बाबतीत पाहुण्याचे पहिले कर्तव्य म्हणावे लागते. आपल्याकडे उलट जायची तारीख सांगणे तुटकपणाचे समजतात आणि ‘बघू, राहीन थोडे’ म्हणणे मायेचे.

पाहुणचाराचा खर्च कोण भरते, या प्रश्नाला साताऱ्याच्या इतिहासात एक मोठे उत्तर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. शेजारच्या जातीचा माणूस ओसरीच्या पायरीपर्यंतच येऊ शकत असे, त्याला पाणी वरून ओतले जाई, अशा काळात ही पंगत बसत होती. पाहुणचाराची व्याप्ती आपल्या गोतावळ्याबाहेर नेणारे याहून मोठे उदाहरण या भागात नाही. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. कर्मवीरांच्या नावाने संस्था, चौक, पुतळे उभे राहिले ते योग्यच झाले. लक्ष्मीबाईंचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, आणि या भागातल्या बहुतेक घरांच्या पाहुणचाराची कथा अशीच आहे: नाव घराचे, खर्च घरातल्या बाईचा.

पाण्याचे वेगळे सांगावे लागते. वाई-साताऱ्याचा पाहुणा आणि जत-आटपाडीचा पाहुणा एकाच मापाने मोजता येत नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी सांगलीच्या पूर्व भागाचे रूप पुष्कळ बदलले, तरी माण, आटपाडी, जत या तालुक्यांतल्या कित्येक वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे शहरातून आलेल्या मुलाने दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ केली, तर घरातले कुणी काही बोलत नाही. पिंपातले पाणी किती उरले, ते झाकण उचलून गुपचूप पाहिले जाते, एवढेच. पाहुण्याने त्या पिंपाकडे यजमानाच्या आधी पाहायला हवे.

सुट्टीतला पाहुणचार हा पाहुणचाराचा सोपा भाग आहे. अवघड भाग मिरजेतल्या घरांना विचारावा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे 1894 मध्ये रुग्णालय उभे केले, आणि त्यानंतर हे शहर आसपासच्या जिल्ह्यांसाठी, कर्नाटकाच्या सीमाभागासाठीसुद्धा, उपचारांचे गाव झाले. मिरजेत राहणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणे बाराही महिने असतात. रुग्ण दवाखान्यात, त्याच्यासोबतचे दोघे घरी, आणि डबा रोज दोन वेळचा. मुंबईत हेच काम लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोल्यांनी केले. गावाकडून केईएमला किंवा टाटाला आणलेल्या माणसाचे नातलग त्या खोलीत पाळीने झोपत. मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्याला जो मान मिळे, त्यात या रात्रींचाही वाटा असे.

त्या मानाची परीक्षा 1982 मध्ये झाली. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. दरवर्षी पिशव्या भरभरून आणणारा भाऊ रिकाम्या हाताने आला, आणि जूनमध्ये परत गेला नाही. त्याच्या मनीऑर्डरींवर घराचा वासा चढलेला असला, तरी शेतीचा तुकडा तेवढाच आणि खाणारी तोंडे वाढलेली. काही घरांनी त्याला सामावून घेतले, काहींत चुली वेगळ्या झाल्या. सुट्टीतल्या पाहुण्याला पुरणपोळी वाढणे आणि हरलेल्या माणसाला रोजची भाकरी वाढणे, यांत दुसरे अधिक मोलाचे आहे. त्याचा गौरव मात्र कुणी करत नाही.

सांगलीची परीक्षा पाण्याने घेतली, 2005 मध्ये, 2019 मध्ये आणि 2021 मध्ये पुन्हा. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक पाण्याखाली गेले. माणसे विश्रामबागेकडे, मिरजेकडे, कुठल्या कुठल्या नातलगांकडे गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन. मे महिन्यात ज्यांच्याकडे ‘या की राहायला’ असे नुसते म्हटले गेले होते, त्यांच्या घरी ऑगस्टमध्ये लोक खरोखर राहिले. त्या आमंत्रणाचा अर्थ तेव्हा कळला, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. म्हणून सुट्टीतल्या या फेऱ्यांना केवळ हौस म्हणणे बरोबर नाही. दर उन्हाळ्याला उंबरठा ओलांडला गेलेला असला, म्हणजे पुराच्या रात्री तो ओलांडताना संकोच कमी वाटतो. फेरीची किंमत मान्य करायची ती यासाठी. पण ती किंमत कोण मोजते, याकडे काणाडोळा करण्याची सवलत त्यातून मिळत नाही.

उरतो वेळेच्या वाटणीचा प्रश्न. दहा-बारा दिवसांत चार घरे म्हणजे कुणाला तीन दिवस, कुणाला एक दुपार, आणि कुणाला ‘उभ्या उभ्या येऊन गेलो’. ही वाटणी कशाने ठरते ते पाहिले, तर तोंडावर बोलून दाखवता येणार नाही अशी उत्तरे मिळतात. जिथे जास्तीची खोली आणि एसी आहे तिथे मुक्काम वाढतो. जिथून कास जवळ पडते ते काका अचानक आवडते होतात. हमरस्त्याला लागून असलेल्या घराला भेट मिळते, आत तीस-चाळीस किलोमीटर शिरावे लागणाऱ्या घराला फोन. नवऱ्याच्या कॉलेजमधल्या मित्राकडे सांगलीत संध्याकाळ जाते. बायकोची शाळेतली मैत्रीण कऱ्हाडात बायपासपासून दहा मिनिटांवर राहत असली, तरी ‘पुढच्या वेळी नक्की’ असे ठरते, आणि तसे ते बरीच वर्षे ठरत आलेले असते. सगळ्यात शेवटी राहते ती विधवा, निपुत्रिक किंवा गरिबीत पडलेली एखादी मावशी-आत्या, जिच्याकडे गेले तर मुलांना करमत नाही. खरे तर आलेल्या माणसाने तिच्या दिवसात जेवढा फरक पडतो, तेवढा भरल्या घरात कुणाच्याच येण्याने पडत नाही.

तिच्या बाजूने एक बदल अलीकडे झाला आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धे तिकीट. ज्यांना भाड्यासाठी मुलाकडे किंवा दिराकडे हात पसरावा लागत असे, त्या बायका स्वतःच्या मनाने माहेरी, बहिणीकडे, देवाला जाऊ लागल्या. पण हात दाखवून एसटी थांबली, तरी आपल्याला कुणी बोलावलेच नाही, या विचाराने पाऊल मागे येते. राज्याच्या या भागातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तोवर दिवस हातात असतात. फेरी आखताना आडवाटेच्या त्या घराचे नाव यादीत सगळ्यात आधी घालावे, आणि जाणे जमणारच नसेल तर तारीख ठरवून त्या आत्याला आपल्याकडे बोलवावे. तिला घ्यायला स्टँडवर जावे, आणि ती आली की घरातल्या पुरुषांनी स्वयंपाकाला लागावे.